परसातली कडधान्यं (लेखांक ६) : मुगाची तोडणी

पेरणीनंतर आठव्या-नवव्या आठवड्यात मुगाचं एखादं झाड बारकाईने पाहा. खालच्या घोसातल्या शेंगा काळ्या पडून कडकडीत झालेल्या असतात. त्याच्या वरच्या घोसातल्या शेंगा हिरव्या, आत दाणे अजून भरताहेत. आणि शेंड्याला पिवळसर फुलं येतच असतात. एका हातभर झाडावर फूल, कोवळी शेंग, भरलेली शेंग आणि वाळलेली शेंग, सगळं एकाच दिवशी.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मुगाची ही सर्वांत मोठी खोड. हरभऱ्याचं, सोयाबीनचं रान बहुतेक एकदमच वाळतं आणि एकदाच कापता येतं. मुगाचं तसं नाही. वरच्या शेंगांची वाट पाहावी तर खालच्या तडकून दाणे मातीत सांडतात, आणि खालच्या वाळल्या म्हणून कापणी करावी तर वरच्या कच्च्याच हाती येतात. मग मजूर लावून दोन-तीनदा शेंगा तोडाव्या लागतात. तोडणीची मजुरी हाच मुगाच्या शेतीतला मोठा खर्च होऊन बसतो. म्हणून गेली पन्नासेक वर्षं संशोधकांचा भर सगळ्या शेंगा जवळजवळ एका वेळी पिकतील असे वाण काढण्यावर आहे. तैवानमधलं जागतिक भाजीपाला केंद्र, लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ, कानपूरची भारतीय कडधान्य संशोधन संस्था या सगळ्यांनी या कामी बरंच यश मिळवलं. लुधियानाचा एसएमएल ६६८ आणि कानपूरचा 'विराट' हे त्याच वाटेवरचे वाण.

पण ज्या भागात मूग यंत्राने कापला जातो, तिथे एवढंही पुरत नाही. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात उन्हाळी मुगाचं पीक हिरवं असतानाच त्यावर पॅराक्वाटसारखं तणनाशक मारून ते एकदम वाळवायची रीत पडली आहे. तण मारायला नव्हे, उभं पीक मारायला. दोन-चार दिवसांत पानं जळतात आणि यंत्र रानात शिरतं. आजारातून उठलेल्याला पहिलं अन्न म्हणून ज्याचं कढण द्यायचं, चरकसंहितेने ज्याला सगळ्या शमीधान्यांत, म्हणजे कडधान्यांत, श्रेष्ठ म्हटलं, त्या मुगावर कापणीच्या तोंडावर असं विष पडावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि म्हणूनच या लेखमालेत मुगासाठी मी अख्खा लेख राखून ठेवला. शेतात जी खोड आहे, ती परसात सोय आहे. परसातल्या माणसाला मजुरी मोजायची नसते. तो रोज सकाळी पाणी द्यायला जातोच. दिसली काळी शेंग की तोडली, एवढाच त्याचा हिशेब. एकाच दिवशी सगळा माल आला तर शेतकऱ्याला हवा असतो. घरच्या माणसाला मात्र आज मूठभर, परवा ओंजळभर असं तीन-चार आठवडे मिळत राहणं जास्त सोयीचं. माझ्या मते तर मूग हे शेतापेक्षा परसाला अधिक शोभणारं कडधान्य आहे.

ही एकेक करून पिकण्याची सवय आली कुठून? सह्याद्रीच्या उतारांवर, झुडपांत आणि गवतात रानमूग आजही उगवतो. वेलासारखा पसरतो, दाणे बारीक आणि काळपट. वाळलेली शेंग ऊन लागताच पिळून तडकते आणि दाणे लांब उडवते. त्या दाण्यांचं कवच इतकं घट्ट की बहुतेक दाणे पाण्यात ठेवले तरी फुगत नाहीत. कुठला पाऊस खरा आणि कुठला फसवा हे रानातल्या झाडाला ठाऊक नसतं. त्यामुळे सगळं बी एकदम पिकवायचं नाही आणि एकदम उगवूही द्यायचं नाही, यातच त्याचं हित. माणसाने हजारो वर्षं निवड करून यातलं बरंच घालवलं. नर्मदेकाठच्या नावडातोलीला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गहू, मसूर, उडीद यांच्याबरोबर मूगही मिळाला. तेव्हापासून दाणा मोठा झाला, शेंग कमी तडकू लागली, कवच मऊ झालं. पण रानाचा थोडा अंश राहिलाच. उसळीत दाताखाली येणारा गणंग दाणा हा त्या घट्ट कवचाचा अवशेष, आणि महिनाभर चालणारी तोडणी हा दुसरा.

आता जमाखर्च आधीच मांडतो, म्हणजे कुणाची निराशा व्हायला नको. चांगल्या शेतात मुगाचं उत्पन्न हेक्टरी आठ ते दहा क्विंटल धरतात. म्हणजे चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम. एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफा घेतला तर शेताच्या हिशेबाने त्यातून पाव किलोच्या आसपास मूग मिळेल. परसात हाताने काळजी घेतली आणि एकही शेंग वाया जाऊ दिली नाही, तर अर्ध्या किलोपर्यंत मजल जाते. चौघांच्या घरात दोन-तीन उसळी. वाण्याचं बिल यातून कमी होणार नाही. पण बाजारात सहसा न मिळणाऱ्या तीन गोष्टी या वाफ्यातून मिळतात. ओले हिरवे दाणे, फवारणीशिवायचं घरचं बियाणं, आणि पुढच्या भाजीसाठी सुधारलेली माती. शिवाय सगळा खेळ तीन महिन्यांच्या आत आटोपतो. तुरीसारखी वाफ्याची अर्ध्या वर्षाची अडवणूक नाही.

हंगामाची गोष्ट मात्र प्रदेशाप्रमाणे बदलते, आणि इथेच सर्वाधिक लोक फसतात. घाटावर मूग हे खरिपाचं पीक. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की जूनच्या उत्तरार्धात पेरणी, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास बाजारात ओल्या शेंगा. कोकणात आणि गोव्यात हे वेळापत्रक उचलून चालणार नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या परसात जुलैमध्ये मुगाची मुळं कुजतात, आणि तगलाच तर फुलं झडून जातात. इथे मुगाचा काळ पाऊस गेल्यावरचा. भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी पेरतात, त्याच सुमाराला परसात मूगही टाकावा. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत केव्हाही. घाटावर या दिवसांत पेरलेला मूग थंडीने आखडून बसतो. त्याला २५ ते ३५ अंशांची ऊब आवडते, आणि पारा पंधराच्या खाली गेला की बी मातीतच रेंगाळतं. किनाऱ्याजवळची सौम्य थंडी मात्र त्याला सोसते. पाण्याची सोय असेल तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत दुसरी पेरणी करता येते. देशावरचे वाचक उन्हाळी मुगासाठी फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य धरतात. त्यापुढे गेलं तर फुलोरा चाळीस अंशांच्या उन्हात सापडतो आणि शेंगा धरत नाहीत.

एक बारीक फरक ध्यानात असू द्या. दिवस लहान असले की मूग लवकर फुलावर येतो. म्हणून नोव्हेंबरात पेरलेलं झाड जूनच्या झाडापेक्षा बुटकं राहतं आणि आधी फुलतं. ते रोगट नाही. फक्त झाडं थोडी दाट ठेवायची, म्हणजे जागा वाया जात नाही.

बियाण्याबद्दल अनेक जण विचारतात की घरातल्या डब्यातला मूग पेरला तर चालेल का. चालतो. अख्खा, न भरडलेला, यंदाचाच असेल तर उगवतो. फक्त तो कुठला वाण, किती दिवसांचा, रोगाला किती टिकणारा, हे कळायला मार्ग नसतो. पहिल्या वर्षी तरी माहितीचं बियाणं घ्यावं. आपल्याकडे 'कोपरगाव' हा जुना नावाजलेला वाण. राहुरीच्या विद्यापीठाचा 'वैभव', जालना जिल्ह्यातल्या बदनापूर संशोधन केंद्राचा 'बी.एम. ४', अकोल्याचा 'पीकेव्ही ग्रीन गोल्ड' हे नंतरचे. परसासाठी मी मुद्दाम 'कोपरगाव'सारखे किंवा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाण सुचवेन. ते एकदम पिकत नाहीत, आणि आपल्याला तेच हवं आहे. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा लालसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. पेरून उरलेलं असं बी उसळीला किंवा मोडांना कधीही वापरू नका, आणि मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

जमीन फार सुपीक नको. पाणी साचणारी तर मुळीच नको. एक दिवस पाण्यात उभा राहिला तरी मूग पिवळा पडू लागतो, म्हणून वाफा चार बोटं उंच करावा. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात स्फुरद अडकून पडतं. तिथे चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, चुलीतली चाळलेली राख आणि मिळाल्यास हाडांचा चुरा मिसळावा. राखेने आम्लता थोडी उतरते. युरिया, कोंबडीचं ताजं खत असलं काही घालू नका. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं आणि शेंगा राहतात बाजूला. गच्चीवर करणाऱ्यांनी नऊ ते बारा इंच खोल कुंडी किंवा फळांचा प्लॅस्टिक क्रेट घ्यावा, तळाला भोकं नीट मोकळी असावीत. सहा तासांचं ऊन मात्र हवंच. आंब्याच्या सावलीतल्या परसात मूग लावून उपयोग नाही.

पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियमचं जिवाणूसंवर्धक चोळावं. कृषी विद्यापीठांत आणि कृषी सेवा केंद्रांत त्याची पाकिटं मिळतात. २५० ग्रॅमचं पाकीट दहा-पंधरा किलो बियाण्याला पुरतं. आपल्याला लागणार जेमतेम दहा ग्रॅम बियाणं, तेव्हा शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एक पाकीट आणावं. गुळाच्या घट्ट पाण्यात ते कालवायचं, बियांना हलक्या हाताने लावायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात सुकवलं तर जिवाणूच मरतात. ज्या मातीत पूर्वी चवळी किंवा मूग झालेला आहे, तिथे हे जिवाणू बहुधा आधीपासून असतात. गेल्या लेखात ज्यांनी चवळीचा वेल मांडवावर चढवला, त्यांनी त्याच मांडवाखालची दोन ओंजळी माती नव्या वाफ्यात मिसळली तरी काम होतं.

दोन ओळींत सव्वा वीत, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर अंतर. दोन झाडांत १० सेंटीमीटर. तीन-चार सेंटीमीटर खोल, एका ठिकाणी दोन दाणे टोकायचे. तीन मीटरच्या वाफ्यात अशा तीन ओळी बसतात, नव्वद जागा होतात. ओल बरी असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतात. दाण्याच्या दोन्ही डाळिंब्या मातीतून वर उचलल्या जातात, त्यांच्यानंतर साध्या पानांची एक जोडी, आणि मग पुढे सगळी पानं तीन-तीन पर्णिकांची. याच दिवसांत कबुतरं, गोगलगायी आणि कोकणात मोर यांची नजर वाफ्यावर असते. डाळिंब्या खुडल्या की ते रोप संपलंच. पहिले दहा दिवस जुनं जाळं किंवा काटेरी फांद्या वर टाकून ठेवा. आठवड्याने जिथे उगवलं नाही तिथे नांगे भरा, आणि जिथे दोन्ही उगवली तिथलं कमजोर रोप उपटून नव्हे, तर नखाने खुडून काढा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

पहिला महिना मूग तणांपुढे दुबळा असतो. पंधरा-वीस दिवसांनी एक खुरपणी, महिन्याने दुसरी. नंतर झाडांची पानं एकमेकांना भिडतात आणि खाली तण वाढत नाही. फुलं लागल्यावर बुंध्याशी खुरपं घालू नये. पाणी वाफ्याला आठ-दहा दिवसांनी पुरतं, कुंडीला अर्थातच वरचेवर. दोन वेळा मात्र पाण्यात हयगय करायची नाही, फुलोऱ्याच्या वेळी आणि शेंगांत दाणे भरताना.

फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड मुद्दाम मातीसकट अलगद उकरून पाहावं असं मी सगळ्यांना सांगतो, विशेषतः घरात शाळकरी मुलं असतील तर. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर जिवाणू कामाला लागलेले आहेत. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतलंच एक द्रव्य तिथे असतं, लेगहिमोग्लोबिन. हवेतलं नत्र पकडण्याच्या कामात प्राणवायूची लुडबूड होऊ नये म्हणून ते त्याला धरून ठेवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर जिवाणू आळशी किंवा थकलेले. एका झाडाचा बळी जातो खरा, पण पायाखालच्या मातीत काय चाललंय हे इतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी वस्तू परसात नाही.

मुगाचा खरा वैरी केवडा, म्हणजे पिवळा मोझॅक. पानांवर आधी पिवळे ठिपके, मग ते पसरत सगळं पान हळदीसारखं पिवळं. हा विषाणू पांढरी माशी झाडोझाडी नेते. रोगट झाडाला औषध नाही. पहिल्या महिन्यात असं झाड दिसलं की दया न दाखवता उपटून परसाबाहेर टाकायचं. पिवळे चिकट सापळे लावा, आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळला की तो तयार. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. तिथे ढालकिडे दिसत असतील तर दोन दिवस थांबा, ते बहुतेक वेळा मावा आटोक्यात आणतात. नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. डिसेंबरच्या दवात पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते. तिला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. फुलं आणि कोवळ्या शेंगा जाळीने एकत्र गुंडाळून आत राहणारी अळी हाताने वेचावी. नव्वद झाडांच्या वाफ्यात ते सहज जमतं. शेतात जमत नाही.

फुलं पस्तीस-चाळीस दिवसांनी दिसू लागतात. मधमाशी आली नाही म्हणून काळजी नको, मुगाचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकतं. बरीच फुलं गळतात, ती गळायचीच. फूल ते वाळलेली शेंग हा प्रवास साधारण वीस दिवसांचा. या वीस दिवसांत मधला एक आठवडा असा येतो की शेंगा पूर्ण भरलेल्या असतात पण हिरव्या. हा आठवडा चुकवू नका. पाव-अर्ध्या वाफ्याच्या हिरव्या शेंगा खुशाल तोडा. सोलून ओल्या दाण्यांची उसळ करा, थोडं खोबरं, हिरवी मिरची, मीठ. भिजवायला नको की मोड आणायला नको, पाच-सात मिनिटांत शिजते. शेंगा तशाच मीठपाण्यात उकडून मुलांच्या हातात दिल्या तरी छान. या उसळीची चव सुक्या मुगाला येत नाही, आणि शहरातल्या बहुतेकांनी ती कधी घेतलेलीच नाही.

बाकीच्या शेंगा वाळू द्यायच्या. तोडणी सकाळी, दव सुकायच्या आत. दुपारच्या उन्हात शेंगा इतक्या तापलेल्या असतात की बोट लागताच पिळवटून तडकतात आणि निम्मे दाणे मातीत जातात. एका हाताने घोसाचा देठ धरा, दुसऱ्या हाताने शेंग खुडा. ओढलीत तर फांदी मोडते किंवा झाडच हलतं. आणि त्या झाडाला अजून फुलायचं आहे. दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी. पिकलेल्या शेंगा वेळेवर काढून घेतल्या आणि मुळाशी ओल असली की झाड नव्याने फुलतं. वाळलेल्या शेंगा तशाच लटकत ठेवल्या तर त्याचं फुलणं मंदावतं, आपलं काम झालं असं मानून ते वाळू लागतं. म्हणजे तोडणी ही नुसती वेचणी नाही, पुढच्या बहराची ती मशागतच आहे. शेतात आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन तोडण्या झाल्या की झाडं कापतात. परसात तीन-चार आठवडे चालवता येतं.

अवकाळी पावसाचं वातावरण झालं तर नियम बदला. रंग बदलायला लागलेली, हिरव्याची तपकिरी होऊ लागलेली प्रत्येक शेंग काढून घरात आणा. तिच्यातला दाणा पुरता तयार झालेला असतो, ती घरातही वाळते. झाडावर भिजलेल्या पक्व शेंगेत मात्र दोन दिवसांत दाणे शेंगेतच मोडावतात किंवा काळवंडतात, आणि सगळी मेहनत जाते.

तोडलेल्या शेंगा सुपात किंवा रोवळीत पसरून वर पातळ फडकं टाका. वाळताना त्या तडतडतात आणि दाणे पार अंगणाच्या कडेपर्यंत उडतात. तीन-चार उन्हं दिली की शेंगा जाड कापडाच्या पिशवीत भरायच्या, तोंड बांधायचं आणि लाटण्याने किंवा हलक्या काठीने झोडपायच्या. जोर लावला तर दाण्याची डाळ होते. मग सुपाने पाखडणं. टरफलं गाईला किंवा खताच्या खड्ड्यात.

पुढचं काम महत्त्वाचं, कारण चांगला पिकलेला मूग लोक इथे गमावतात. शेंग अजून झाडावर असतानाच भुंगेरा तिच्यावर अंडी घालून ठेवतो. डब्यात भरलेला स्वच्छ मूग महिन्याभराने उघडावा तर दाण्यादाण्याला गोल भोक आणि तळाशी पीठ, ते यामुळे. डबा कितीही घट्ट असला तरी किडा आधीच दाण्यात बसलेला. म्हणून मळणीनंतर पुन्हा दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली धरल्यावर 'कट्' आवाज करून फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. मग थंड करून, खाण्याचा मूग आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा. उणे अठरा अंशांत अंडी, अळ्या सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांवर दव धरतं. फ्रीझर नसेल तर आपली जुनी रीत आहेच, किलोला चमचा-दोन चमचे एरंडेल हाताने चोळून ठेवायचं. मूग थोडा असला की हे काम पाच मिनिटांचं.

बियाण्याचा मूग वेगळा काढायचा. त्यासाठी झाडं निवडायची ती पीक उभं असताना, डब्यातून नव्हे. फुलोऱ्याच्या वेळी ज्या झाडांवर केवड्याचा एकही ठिपका नाही, ज्यांच्या घोसांत शेंगा भरपूर आणि लांब, अशा आठ-दहा झाडांना रंगीत दोरा बांधून ठेवा. त्यांच्या सुरुवातीच्या भरदार शेंगा पूर्ण वाळल्यावर वेगळ्या काढा. मूग स्वतःच स्वतःचं परागण करतो, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी सरमिसळ क्वचितच होते. उन्हात वाळवून, सावलीत थंड करून, चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत भरा, वर वाणाचं नाव आणि साल लिहा. थंड कोरड्या जागी दोन वर्षं सहज उगवतो.

राहिलेला मूग संपवायला सांगावं लागत नाही. पण एकदा तरी मोड आणून, सालं काढून, खोबऱ्याच्या वाटणात गुळाचा खडा घालून गोव्याची मुगागाठी करून पाहा. परसातला मूग मोडावतो एकसारखा, कारण तो एकाच वर्षाचा आणि एकाच वाणाचा असतो. बाजारच्या मुगात जुनं-नवं मिसळलेलं असल्याने काही दाण्यांना बोटभर मोड आणि काही तसेच कोरडे राहतात.

शेवटची तोडणी झाली की झाडं उपटू नका. बुंध्याशी विळ्याने कापा, मुळं जमिनीतच राहू द्या. वरचा पाला वाफ्यातच बारीक करून पसरा आणि पातळ माती ओढा. केवडा किंवा भुरी झालेला पाला मात्र घालू नका. मुगाचा बेवड चांगला, असं शेतकरी म्हणतात ते या मुळांमुळे आणि पाल्यामुळे. झाडाने धरलेलं बरंचसं नत्र दाण्यांतून आपल्या घरात आलेलं असतं, पण उरलेलं पुढच्या पिकाला उपयोगी पडतं. दहा-पंधरा दिवसांनी त्या वाफ्यात माठ, मुळा किंवा वांग्याची रोपं लावावीत. चवळी, उडीद किंवा पुन्हा मूगच लगेच लावू नका. त्यांचे रोग-किडी एकच आहेत.

पुढच्या आठवड्यात कुळीथ. कातळावरच्या वीतभर मातीत त्याला जे जमतं, ते मुगाला जमणार नाही.